पिपरीची सुपरकार आणि एक अर्धी प्रतिक्रिया

वर्तमानपत्रातली बातमी खालून कापतात. वाचकाला हे माहीत असण्याचं कारण नाही, पण जिल्हा वार्ताहराचं निम्मं आयुष्य या रीतीभोवती जातं. वार्ताहर मजकूर पाठवतो, नागपूरच्या डेस्कवरचा उपसंपादक तो पानात बसवतो आणि जागा कमी पडली की शेवटच्या ओळीपासून वर येत कात्री चालवतो. पूर्वी कात्री खरी होती, आता कळफलक आहे. दिशा तीच. म्हणून महत्त्वाचं आधी लिहायचं आणि कापलं तरी चालेल ते शेवटी. वर्ध्यात बत्तीस वर्षं हे काम केलं आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी हेच सांगितलं.

एकदा एका सत्काराच्या बातमीत सत्कारमूर्तींचं नाव शेवटच्या परिच्छेदात राहिलं. हार घालणारे सगळे छापून आले, हार ज्यांच्या गळ्यात पडला ते गळाले. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पुरावा म्हणून हारच घेऊन कार्यालयात आले. अशा चुका पचतात. चहा पाजला की माणूस शांत होतो आणि पुढच्या कार्यक्रमाचं निमंत्रण देऊन जातो. जी चूक पचली नाही ती निवृत्तीला सहा महिने उरले असताना झाली. त्या चुकीचा विषय होता एक मोटारगाडी, जी कधी बनलीच नाही.

पिपरी मेघेत नीलेश नावाचा एक कारागीर राहतो. पुण्यात मोटारींच्या एका डिझाइन स्टुडिओत त्याने अकरा वर्षं काम केलं होतं. नवी गाडी कारखान्यात जाण्याआधी तिचा पूर्ण आकाराचा पुतळा बनवतात. भट्टीत गरम केलेली खास माती सांगाड्यावर थापतात, पोलादी पट्ट्यांनी खरवडतात आणि रेषा पक्की होईपर्यंत हेच करत राहतात. नीलेश ही माती खरवडणारा होता. वडिलांच्या आजारपणात तो घरी परतला आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये फायबरची कामं करू लागला: पाण्याच्या टाक्या, दुकानांच्या पाट्या, बागेतली घसरगुंडी. या कामांच्या मधल्या वेळात त्याने तीन वर्षं लावून स्वतःच्या डोक्यातली सुपरकार उभी केली.

सुपरकार म्हणजे शर्यतीच्या वेगाची, दोन माणसांची, जमिनीला चिकटलेली गाडी. नीलेशची गाडी अर्थातच धावणारी नव्हती. आत लोखंडी पाइपचा सांगाडा, वर फायबर आणि पुट्टी, काचांच्या जागी काळं अ‍ॅक्रेलिक, चाकं भंगारातून आणलेली पण खरी. ढकलली तर चालायची, चाक फिरवलं तर वळायची. इंजिन नव्हतं. नाक खाली, अगदी टाचेच्या उंचीवर. तिथून छताची रेघ चढत मागे जायची आणि मागच्या चाकांवर दोन भरदार पुठ्ठे, जनावराला मागे असतात तसे, उभे राहायचे. रंग अजून द्यायचा होता, सगळीकडे प्राइमरचा राखाडी हात होता.

स्टुडिओतल्या त्याच्या जुन्या वरिष्ठांनी पुण्यात स्वतःची छोटी कंपनी काढली होती. त्या मॅडम दोन भागीदारांना घेऊन रविवारी गाडी बघायला येणार होत्या. आकार पसंत पडला तर नमुना पुण्याला जाणार. नाही पडला, तर काय करायचं हे घरात आधीच ठरलं होतं. नीलेशची बायको रेखा यांनी ते मला पहिल्याच भेटीत सांगितलं.

“तीन वर्षं झाले, माही सवत शेडमधी बसून हाय. टाक्या बाहेर उन्हात आनि हे सावलीत. यायनं शब्द देल्ला मले, पुन्यावाले नाई म्हनले तं सोमवारी हे कापतो म्हनून.”

“देल्ला,” नीलेश म्हणाला. “आनि कापीन मीच. दुसऱ्याले हात लावू देनार नाई.”

हे मंगळवारचं बोलणं. मी तिथे प्रतिक्रिया गोळा करायला गेलो होतो. डेस्कवरच्या कोलत्यांना गुरुवारच्या पानासाठी फोटोखाली लोकांच्या मतांची चौकट हवी होती: ‘कशी वाटते पिपरीची सुपरकार?’ प्रतिक्रिया घेणं हे या धंद्यातलं सर्वांत सोपं काम समजतात आणि म्हणून ते बहुतेक वेळा वाईट होतं. लोक समोरच्याला काय हवं असेल ते बोलतात. अर्थसंकल्पाच्या दिवशी व्यापाऱ्याला विचारलं तर तो कालच्याच पेपरातलं वाक्य परत करतो. गाडीच्या दिसण्याबद्दल मात्र पिपरी मेघेत प्रत्येकाकडे स्वतःचं मत होतं आणि ते कुणाकडून उसनं घेतलेलं नव्हतं.

नाक्यावरचा रिक्षावाला गाडीभोवती फिरून म्हणाला, “सवारी कुठं बसवाची? आनि आपल्या चौकातल्या गतिरोधकावर हिचं पोट टेकते, लिहून घ्या.” गल्लीतल्या शिंप्याने मान तिरपी करून सांगितलं, “काट मस्त हाय. पाठीत जरा ढिली वाटते.” महाविद्यालयातली एक मुलगी म्हणाली, “समोरून रागावल्यासारखी आणि बाजूने हसल्यासारखी.” निवृत्त मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं की दार वर उघडणं हा उद्धटपणा आहे.

शेवटची प्रतिक्रिया दौलतरावांची. हे आष्टीकडचे शेतकरी, पंचाहत्तरीच्या पुढचे. शेजारच्या सुनंदाताई त्यांची लेक, तिच्याकडे चार दिवस राहायला आले होते. हयातभर त्यांनी गवळाऊ बैल पाळले. हा आपल्याच भागातला बैल, पांढरा, हलक्या हाडाचा, धावण्यात पटाईत. तरुणपणी दौलतराव शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकत. बाकीचे गाडीच्या नाकाशी गर्दी करून होते. हे एकटे मागे जाऊन उभे राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत जसंच्या तसं उतरवलं:

“मांगून पाह्यलं तं हे बसलेल्या बैलावानी दिसते. पन बसूनच राह्यला थो बैल नोय. उठून राह्यला. बैल उठते तवा पह्यले मागचा भाग उचलते, तोंड खालीच राह्यते. घोड्याचं उलटं असते. हिचं तसंच हाय, आता सुटन असं वाटते.”

कार्यालयात येऊन मी मजकूर तयार केला. प्रत्येक प्रतिक्रिया लेखी मराठीत आणली, ओळी मोजल्या, पाठवून दिला. दौलतरावांचं बोलणं ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने ठेवलं. बैल बसलेला आधी, उठणारा नंतर.

गुरुवारच्या अंकात प्रत्येकाच्या वाट्याला एकच ओळ आली होती. दौलतरावांच्या नावापुढे छापलं होतं: ‘मागून बसलेल्या बैलासारखी दिसते.’

मी ते सकाळी वाचलं. जागा कमी पडली असणार, असं मनात आलं आणि पुढचं पान उलटलं. हे मी लपवत नाही.

शुक्रवारी सकाळी कार्यालय उघडत होतो तेव्हा दौलतराव पायरीवर बसलेले होते. धोतर, टोपी, हातात घडी केलेला कालचा पेपर. सुनंदाताई रिक्षावाल्याला थांबायला सांगत होत्या.

“पत्रकार साहेब, म्या काय बोललो होतो?”

“बसा काकाजी. चहा सांगतो.”

“चहा नोको. माह्या पोरीनं मले वाचून दाखोलं. म्या तिले म्हनलं, पुढचं वाच. थे म्हनते, पुढचं नाईच. काऊन नाई?”

“जागा कमी पडली असेल.”

“जागा कमी पडली म्हनून बैल बसोला तुमी?” त्यांचा आवाज चढला. “आष्टीत लोक वाचत असन. म्हनत असन, दौलत बुढ्ढा झाला, गवळाऊ बैलाची नालस्ती करून राह्यला. बसलेला बैल कोनाले पाह्यजे? बाजारात बसलेल्या बैलाची शेपटी मुरगळते लोक!”

मी वही काढली. वाक्य पूर्ण होतं. पाठवलेला मजकूर उघडला. तिथेही पूर्ण होतं. कापलं कोलत्यांनी होतं. पण कापतील हे मला माहीत होतं आणि कुठून कापतील हेही. महत्त्वाचं आधी, हा नियम इतरांना शिकवताना मी त्या दिवशी तो स्वतः पाळला नव्हता. दौलतराव ज्याला मुद्दा म्हणत होते तो मी शेवटी ठेवून दिला होता.

“चूक झाली,” मी म्हणालो. “उद्या दुरुस्ती छापतो.”

“छापजा. पन बाबाचं सोडा. थो नीलेश कालपासून मशीन चालवून राह्यला,” सुनंदाताई म्हणाल्या. “जेवाले बी आला नाई म्हनते रेखा. मागचा भाग कापून राह्यला गाडीचा.”

तिघेही त्याच रिक्षाने पिपरी मेघेला गेलो. गल्लीच्या तोंडाशीच ग्राइंडरचा आवाज आला. शेडमध्ये पांढऱ्या धुळीत नीलेश तोंडाला रुमाल बांधून उभा होता. गाडीचा डावा पुठ्ठा गेला होता. त्या जागी सांगाड्याचा पाइप आणि फायबरच्या फाटक्या कडा दिसत होत्या. उजवा अजून शाबूत होता. त्यावर पेन्सिलने कापायची रेघ मारून झाली होती.

रेखा दारात उभ्या होत्या. “म्या सोमवारी कापा म्हनलं होतं, गुरुवारी नाई,” त्या मला म्हणाल्या, जणू ग्राइंडर मीच चालवत होतो.

नीलेशने मशीन बंद केली. तो रागावलेला नव्हता. तो दौलतरावांना म्हणाला, “काकाजी, तुमी बरोबर बोलले. पुन्यात मॅडम बी म्हनत, नीलेश, तुझं मागचं जड होतं. मले आधीपासून शंका होती. बाकीचे तं गंमत करते, तुमी जनावर पाह्यनारा मानूस. तुमाले बसल्यावानी दिसली म्हंजे बसलीच हाय.”

“माह्यं अर्धंच छापलं ना बाबू!”

“आता अर्धं काय नि पुरं काय.”

मी वहीतलं वाक्य वाचून दाखवलं. नीलेशने ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा मशीनकडे हात नेला. लिहिलेल्यावर त्याचा विश्वास उडाला होता आणि त्याला दोष देता येत नव्हता.

तेव्हा दौलतरावांनी टोपी काढून सुनंदाताईंच्या हातात दिली. धोतराचा काचा खोचला आणि शेडच्या फरशीवर, गाडीच्या शेजारी, सरळ गुडघे आणि कोपर टेकून बसले.

“बाबा! कंबर धरन तुमची!”

“चूप. बैल बोलत नसते.” मग मान वर करून ते नीलेशला म्हणाले, “तू मांगून पाह्य. इकडून नोको. मांगून.”

नीलेश मागे गेला. मीही गेलो. दौलतरावांनी कोपर जमिनीवरच ठेवले, कपाळ जवळजवळ फरशीला टेकवलं आणि हळूहळू गुडघे उचलत मागचा भाग वर नेला. म्हाताऱ्या माणसाच्या अंगात एवढा ताण असेल असं वाटत नव्हतं. पाठीची रेघ मानेपासून कमरेपर्यंत चढत गेली आणि मांड्यांवर सगळा जोर येऊन थांबली. एक क्षण ते तसेच राहिले.

“दिसलं का?” आवाज फरशीजवळून आला.

“दिसलं,” नीलेश म्हणाला.

“मंग उचल मले. खरंच धरली कंबर.”

दोघांनी मिळून त्यांना उभं केलं. सुनंदाताई रागावत होत्या. रेखांनी हसू आवरायला पदर तोंडात धरला होता आणि तरी ते आवरत नव्हतं. नीलेशचं लक्ष नव्हतं. तो उजव्या पुठ्ठ्यासमोर उकिडवा बसला, मारलेली रेघ अंगठ्याने पुसली आणि ग्राइंडरची वायर भिंतीतून उपटली.

पुढचं काम कसं झालं ते सांगतो, कारण ते मला तेव्हाच कळलं. मोटारीची दोन्ही अंगं सारखी असतात. त्यामुळे एक बाजू शिल्लक असली की दुसरी परत मिळते. नीलेशने उजव्या पुठ्ठ्यावर वीतवीत अंतराने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर पुठ्ठ्याचा वळसा जाड कागदात कापून घेतला. याला फर्मा म्हणतात. हेच फर्मे उलटे करून डाव्या बाजूला लावले की कुठे भर घालायची आणि कुठे खरवडायचं ते दिसतं. शुक्रवारी फायबर चढलं. शनिवारी पुट्टी आणि पॉलिशपेपर. दौलतराव कमरेला शेक घेत खुर्चीवर बसून होते, गाडीच्या मागे. अधूनमधून म्हणत, “डाव्या पायात अजून जोर नाई आला.” नीलेश फर्मा लावून बघायचा आणि खरंच तिथे बोटभर फट निघायची.

दरम्यान मी कोलत्यांशी फोनवर भांडत होतो.

“दुरुस्ती कशाची द्यायची? आकडा चुकला का? नाव चुकलं का?”

“अर्थ चुकला.”

“अहो, बैल बसलेला होता की उठत होता, याचं शुद्धिपत्र? संपादक मला घरी बसवतील.”

“बत्तीस वर्षांत एकदाही माझ्या मजकुराची दुरुस्ती मी मागितलेली नाही. ही मागतो आहे.”

पलीकडून कळफलकाचा खडखडाट ऐकू आला, मग कोलते म्हणाले, “किती ओळी?”

“तीन. आणि खालून कापू नका.”

शनिवारच्या अंकात सातव्या पानावर बाजारभावांच्या खाली तीन ओळी आल्या. सुनंदाताईंनी त्या मोठ्याने वाचल्या. दौलतरावांनी दोनदा वाचायला लावल्या आणि कात्रण टोपीत ठेवलं.

रविवारी पुण्याची मंडळी आली. मॅडम पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या, बोलण्यात काटेकोर. भागीदार दोघे फोटो काढत होते. रेखांनी नीलेशला बजावून ठेवलं होतं की विचारल्याशिवाय काही बोलायचं नाही. पण डाव्या पुठ्ठ्यावरची पुट्टी अजून पिवळी होती आणि बाकी गाडी राखाडी. ते लपण्यासारखं नव्हतं.

“डावी बाजू नवी आहे,” मॅडम म्हणाल्या.

“हो. गुरुवारी कापली.”

“का?”

“पेपरात आलं होतं, चांगली दिसत नाही म्हणून.”

“मग परत का केलीस?”

“पेपरात अर्धंच आलं होतं, मॅडम.”

शेडमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वार्ताहराला घटनास्थळी उभं राहायची सवय असते, घटनेत उभं राहायची नसते. मी वही उघडून काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

मॅडमनी पूर्ण प्रतिक्रिया कोणाची ते विचारलं. दौलतराव या वेळी खाली बसले नाहीत, सुनंदाताईंनी त्यांचा हात घट्ट धरला होता. त्यांनी मोकळा तळहात पालथा करून, बोटं खाली आणि मनगट वर, एवढंच दाखवलं आणि म्हणाले, “उठून राह्यला, बाई. बसला नाई.” मॅडम गाडीच्या मागे गेल्या, चपला काढून जमिनीवर बसल्या आणि डोळे गाडीच्या कडेच्या उंचीवर आणून बघत राहिल्या. भागीदारांपैकी एकाने घड्याळ बघितलं. मॅडमनी बघितलं नाही.

“स्टुडिओत मी याच्या अशाच रेषेला जड म्हणायचे,” त्या शेवटी म्हणाल्या. “तेव्हा मी उभी राहून बघत होते.” मग नीलेशकडे वळून, “खरं सांगते, ही गाडी रस्त्यावर येईलच असं नाही. इंजिन, परवानग्या, कारखाना, सगळं पुढे आहे, आणि आमची कंपनी लहान आहे. पण हा आकार मला हवा. मागच्या भागाला आता कोणी हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही.”

नीलेशने मान डोलावली आणि शेडच्या मागच्या बाजूला पाणी प्यायला म्हणून गेला. बराच वेळ आला नाही. रेखा आत जाऊन चहाचं आधण वाढवून आल्या.

मॅडमचा अंदाज बरोबर ठरला. गाडी बनली नाही. नमुना पुण्याला मोजला गेला, त्यांच्या कार्यालयात उभा राहिला, पुढे कंपनीने वेगळं काम धरलं आणि सुपरकार कागदावर राहिली. नीलेश त्यांच्यासाठी पिपरीतूनच नमुने बनवतो, आता मालवाहू तीनचाकी वाहनांचे. मी निवृत्त झालो. या सगळ्यात बातमी म्हणावी अशी गोष्ट एकच उरते आणि ती मी तेव्हा दिली नव्हती, म्हणून इथे देतो.

नमुना न्यायला ट्रक आला तेव्हा तो गल्लीत शिरेना. गाडी मुख्य रस्त्यापर्यंत ढकलत न्यावी लागली. प्रतिक्रिया दिलेले सगळे हजर होते. रिक्षावाल्याने गतिरोधकावर टाकायला फळ्या आणल्या होत्या. शिंपी, मुख्याध्यापक, ती मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी, सगळ्यांनी मागच्या पुठ्ठ्यांना हात लावले. नीलेश आत बसून चाक सांभाळत होता. रेखा पुढे चालत लोकांना बाजूला करत होत्या, “सरका जी, सरका, लागन तिले!” सुपरकार फळ्यांवरून चढली, उतरली आणि पोट कुठेही टेकलं नाही. मी पावलं मोजली. एकशे ब्याऐंशी. ती गाडी रस्त्यावर एवढीच चालली.

दौलतराव ढकलायला आले नाहीत. मुद्दाम आष्टीहून सकाळच्या एसटीने आले होते, पण शेडच्या दारातच उभे राहिले. पन्नासेक पावलांवर त्यांची हाक ऐकू आली.

“अबे, मांगून सरका ना थोडे! सगळे तिच्या पुठ्ठ्याले चिकटले. मले जाताना पाहू द्या!”

लोक हसले आणि खरोखर दोन्ही बाजूंना सरकले. रस्त्याला तिथे थोडा उतार आहे. हात निघाले तरी गाडी थांबली नाही.